बिल्ल्यावरचं साल

दर ऑक्टोबरात एक गुरुवार असा येतो की मला घरी पोचायला रात्रीचे दहा वाजतात. नवऱ्याला आता सवय झाली आहे. तो कुकरला खिचडी लावतो आणि मला फोनही करत नाही. त्या रात्री मी कॉलेजच्या ऑफिसात बसून बिल्ले छापत असते. गळ्यात अडकवायचे, पांढऱ्या पुठ्ठ्याचे साधे बिल्ले. वर ठळक नाव, खाली साल. बायकांच्या बिल्ल्यावर लग्नानंतरच्या आडनावाआधी माहेरचं आडनावही छापायचं, कारण पन्नास वर्षांनी भेटणारी मैत्रीण त्याच आडनावाने हाक मारणार असते. मग खाली फिती चिकटवायच्या. पदवी घेऊन पन्नास वर्षं झालेल्यांना सोनेरी, पंचवीस झालेल्यांना निळी, आणि त्या वर्षी कॉलेज ज्यांचा सत्कार करणार त्यांना हिरवी. असे चारशेच्या आसपास बिल्ले. ते आडनावांच्या क्रमाने खोक्यात उभे लावले, की आमचं होमकमिंग सुरू झालं म्हणायचं.

कॉलेज कॅन्ससमधल्या एका गावात आहे. गाव तीन हजार वस्तीचं. लांबून आधी धान्याच्या कोठाराची उंच पांढरी नळकांडी दिसतात, मग पाण्याची टाकी, मग चर्चचे सुळके. एवढ्याशा गावात चर्च पाच आणि सिग्नल एक. कॉलेजात मुलं सहाशेच्या आतबाहेर. नवरा विचिटाच्या विमान कारखान्यात, आणि मी तिथून चाळीस मिनिटं गाडी हाकत इथे येते, २००९ पासून. माझ्या कामाचं नाव भारदस्त आहे, पण खरं सांगायचं तर मी याद्यांची कारकून आहे. कोण कधी आलं, कधी गेलं, सध्या कुठे असतं, कुणाचा पत्ता बदलला, कोण वारलं.

मुलाखतीत मुख्य बाईंनी जरा अवघडून विचारलं होतं, की आमचं कॉलेज ख्रिस्ती आहे, आठवड्यातून एकदा सगळे चॅपलला जमतात, तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, मी अहमदनगर कॉलेजची. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते १९४७ साली काढलं. त्याच्याही आधी, १८३१ पासून, अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरात होती. त्या मिशनचा मुंबईत १८१३ साली उतरलेला गॉर्डन हॉल हा तुमच्याकडच्याच एका लहानशा कॉलेजचा, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचा पदवीधर. तेव्हा चालण्या-न चालण्याचा प्रश्न माझ्या जन्माआधीच मिटलेला आहे. बाई काही क्षण गप्प झाल्या. नोकरी मला गॉर्डन हॉलमुळे मिळाली की एक्सेल येत होतं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

होमकमिंग म्हणजे काय, हे पहिल्या वर्षी मी आईला फोनवर समजावत होते. म्हटलं, शिकून गेलेली मुलं-मुली वर्षातून एकदा कॉलेजात परत येतात, दोन-तीन दिवस राहतात, मॅच बघतात, जेवतात, जुन्या खोल्या बघून येतात. आई म्हणाली, ‘म्हणजे माहेरपणच की. ओटी भरतात का?’ मी हसले. मग आठवलं की सोनेरी फितीच्या बायकांना शनिवारी सकाळी खांद्यावर पिवळ्या शेवंतीचं फूल टाचतात, आणि ती फुलं आणायचं काम माझ्याचकडे आहे. तसं सांगितल्यावर आई म्हणाली, ‘मग भरली की.’

ही प्रथा कुणी सुरू केली, यावर अमेरिकेत तसाच वाद आहे जसा पुण्यात पहिल्या सार्वजनिक गणपतीवर. टेक्ससमधलं बेलर १९०९ सांगतं, इलिनॉय विद्यापीठ १९१०. पण सगळ्यात जास्त सांगितली जाते ती मिझुरी विद्यापीठाची १९११ची गोष्ट, आणि ती आम्हा कॅन्ससवाल्यांना जवळची, कारण समोरचा संघ कॅन्ससचा होता. या दोघांचा फुटबॉलचा सामना तोवर कॅन्सस सिटीत व्हायचा. त्या वर्षी तो मिझुरीच्या स्वतःच्या मैदानावर, कोलंबियाला हलवावा लागला. शहर सोडून आडगावी सामना, गर्दी कुठून येणार? तिथले प्रशिक्षक चेस्टर ब्रूअर यांनी जुन्या विद्यार्थ्यांना सांगावा धाडला की घरी या. हजारो लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. इकडे कॅन्ससच्या लॉरेन्स गावात लोक एका जागी जमून तारेने येणाऱ्या बातमीवरून सामना ‘बघत’ होते. मला यातलं काय आवडतं, तर घरी बोलावण्याचा हा सगळा सोहळा मुळात रिकाम्या बाकांच्या धास्तीतून निघाला. आमच्या ऑफिसातल्या बैठकीत अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, ‘यंदा किती येतील?’

आमचं होमकमिंग शुक्रवारी सकाळी चॅपलने सुरू होतं. रात्री मैदानामागे शेकोटी. शनिवारी सकाळी गावातून मिरवणूक. मुख्य रस्ता चारच चौकांचा, म्हणून मिरवणूक टोकाला जाऊन वळते आणि त्याच रस्त्याने परत येते, आणि लोक दुसऱ्यांदाही तितक्याच उत्साहाने हात हलवतात. ट्रॅक्टरमागे गवताच्या पेंढ्या रचलेल्या गाड्या, त्यावर बसून पोरांकडे गोळ्या-चॉकलेटं उधळणारे विद्यार्थी, बँड, गावची आगीची गाडी. दुपारी जेवायला मैदानाच्या कडेला चिली, म्हणजे खिमा आणि राजम्याचं दाट तिखट कालवण, आणि त्याच्यासोबत दालचिनीचा गोड, पाकातला रोल. कॅन्ससच्या बाहेर हे सांगितलं तर लोक तोंड वाकडं करतात. इथल्या माणसाने मात्र शाळेतल्या जेवणापासून हीच जोडी खाल्लेली असते. मी पहिल्यांदा नाक मुरडलं. आता रोल चिलीत बुडवून खाते.

गावाकडे येताना दोन्ही बाजूंनी शेतं लागतात. पहिल्याच ऑक्टोबरात मी गाडी कडेला घेऊन उतरले होते. गुडघ्याच्या थोडं वर उभं पीक, आणि वर तांबूस भरलेली कणसं. ज्वारी! इथे तिला मायलो म्हणतात. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससात पिकते आणि ती जाते गुरांच्या खाद्याला नाही तर इथेनॉलला. भाकरी कुणी थापत नाही. शेजारच्या रानात त्याच दिवसांत गव्हाची पेरणी चाललेली असते. हिवाळाभर बर्फाखाली राहून जूनमध्ये कापणीला येणारा हा गहू. आमच्या नगरलाही हस्ताचा पाऊस पडून गेला की शाळू पेरतात. म्हणून असेल, पण होमकमिंगच्या दिवसांत एखादा माणूस ‘येणार होतो, पण पेरणी अडली’ म्हणाला, तर ती सबब आहे असं मला कधीच वाटलं नाही.

शनिवारच्या सामन्याच्या मध्यंतरात होमकमिंगचा राजा आणि राणी जाहीर होतात. याला ‘कोर्ट’ म्हणतात, म्हणजे दरबारच. खालच्या तीन वर्गांतून एकेक जोडी, शेवटच्या वर्षाचे तीन मुलगे, तीन मुली. मतं फक्त विद्यार्थ्यांची. ती मोजायला मी आणि विद्यार्थ्यांच्या डीन बसतो. पहिल्यांदा हे सगळं मला पोरकट वाटलं होतं. मग नगरचं गॅदरिंग आठवलं. आमच्याकडे कुणाला मुकुट नव्हते, फिशपाँड होते. भर मंडपात नाव पुकारून एखादा चारोळीचा तुकडा डोक्यात हाणायचे आणि हसून सहन करावं लागायचं. माझ्या दोन तेलकट वेण्यांवरचा फिशपाँड मला अजून पाठ आहे. तरी त्या वर्षी फिशपाँड न मिळालेल्या मुली माझ्यापेक्षा जास्त हिरमुसल्या होत्या. माईकवरून आपलं नाव ऐकू येणं, यातच निम्मा मान असतो. पुढे काय म्हणतात ते नंतर.

म्हणूनच माझं मध्यंतराचं मुख्य काम मतमोजणीचं नाही, नावांचं. निवेदकासाठी मी प्रत्येक नावाचं कार्ड करते. नाव कसं लिहितात हे वर, कसं उच्चारतात हे खाली, ज्या अक्षरावर जोर द्यायचा ते मोठं. माझ्या स्वतःच्या नावात ‘ज्ञ’ आहे. इथे आल्यावर त्याचे जे हाल झाले त्यातून हे कार्ड जन्मलं.

हे मैदानावरचं दृश्य दरवर्षी जरासं विनोदी असतं. राजाचा एखादा उमेदवार हमखास फुटबॉल संघातलाच निघतो. बाकीचे खेळाडू विश्रांतीला आत जातात आणि हा चिखलाने माखलेला, हेल्मेट काखेत धरून मधोमध उभा. खांद्यांवरच्या पॅडांमुळे रेशमी पट्टा घसरत राहतो. शेजारी ठेवणीतला कोट घातलेली आई, आणि तिच्या बाहीवर त्याच्या कोपराचा हिरवा डाग. उमेदवाराला मैदानावर आईवडिलांनी हात धरून आणायचं असतं.

२०१६ साली शेवटच्या वर्षाच्या मुलींत एक नेपाळची मुलगी निवडून आली. नर्सिंगला होती, सकाळच्या पाळीत कॅफेटेरियात अंडी तळायची. गुरुवारी रात्री माझ्या टेबलापाशी येऊन बिल्ल्यांच्या फिती सारख्या करत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘आंटी, मेरे साथ आप चलेंगी?’ वर तिची अट, साडी नेसायची. ऑक्टोबरातला कॅन्ससचा वारा ज्याने पाहिलाय त्यालाच या अटीतली गंमत कळेल. मी नऊवारीसारखा काचा मारावा की काय, असं वाटण्याइतका वारा होता. अकरा पिना लावल्या. पन्नास यार्डांच्या रेषेपर्यंत आम्ही एकमेकींना धरून चाललो, कुणी कुणाला आणत होतं ते सांगता येणार नाही. राणी दुसरीच मुलगी झाली. पण निवेदकाने हिचं नाव आडनावासकट बिनचूक घेतलं. ती फोन उंच धरून उभी होती. तिकडे नेपाळमध्ये रात्रीचा दीड वाजला होता आणि पडद्यावर तिची आई शालीत गुरफटून जागी बसली होती. मैदानातून बाहेर पडताना तिने मला एवढंच विचारलं, ‘सुना ना आपने? सही बोला.’

दरबार हा झाला हौसेचा मान. कमावलेला मान वेगळा, आणि त्याच्या याद्यांशी माझी जास्त गाठ पडते. होमकमिंगला पालक आलेले असतात म्हणून आम्ही शुक्रवारी सकाळीच अल्फा काय या संस्थेत निवडलेल्या मुलांना समारंभाने दाखल करून घेतो. ही सगळ्या विषयांच्या हुशार मुलांची संस्था, १९२२ साली टेक्ससमध्ये सुरू झालेली. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातले वरचे दहा टक्के घ्यायचे. शिवाय सत्रासत्राची डीनची यादी. शिवाय पदवीच्या वेळचे ते तीन लॅटिन शिक्के, कुम लाउडे, माग्ना कुम लाउडे, सुम्मा कुम लाउडे, म्हणजे प्रशंसेसह, मोठ्या प्रशंसेसह आणि सर्वोच्च प्रशंसेसह. गुणांची सरासरी चारपैकी मोजतात, आणि पहिला शिक्का आमच्याकडे ३.५ला मिळतो.

एका वर्षी एका मुलीची सरासरी ३.४९६ आली. तिचे वडील नऊ तास ट्रक चालवून येणार होते आणि घरी सगळ्यांना सांगून बसले होते. मी यादी घेऊन रजिस्ट्रारकडे गेले. म्हटलं, दोन दशांशांपर्यंत लिहिलं तर साडेतीनच होतात की. आमचे रजिस्ट्रार मऊ स्वभावाचे, पण आकड्यांच्या बाबतीत देवळातल्या खांबासारखे. म्हणाले, ‘आज हिला आत घेतलं तर उद्या ३.४९४चा मुलगा दारात उभा राहील. त्याला मी काय सांगू? रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि मारली की पुसायची नसते.’ मला राग आला होता. पण नंतर पटलं. रेघ हलायला लागली तर जी पोरगी रात्र-रात्र जागून ३.५०१वर पोचली, तिच्या मानाचं काय? तिची यादी तिला खरी मिळाली पाहिजे.

हे इतकं पटलं की रेघ माझ्या हातात भिनली. आता सांगते ती चूक तिथूनच झाली. संगणकाची म्हणता आली असती, पण माझीच होती.

२०१९ साली १९६९च्या बॅचला पन्नास वर्षं झाली. सप्टेंबरात पोस्टाने एक छापील फॉर्म आला, शिसपेन्सिलीने भरलेला, दोन जेवणांचा चेक जोडून. चाळीसेक मैलांवरचा शेतकरी, सोबत बायको. गुरुवारी रात्री बिल्ला छापायला मी त्याचं नाव यादीत घातलं. नाव होतं. पत्ता होता. ‘पदवीचं साल’ या रकान्यात काहीच नव्हतं. म्हणजे हा माणूस शिकायला आला होता, पण पुरा न करता गेला. नऊ वाजले होते, खोक्यात अजून शंभर बिल्ले जायचे होते. ज्याला साल नाही त्याच्या बिल्ल्यावर यंत्र आपोआप ‘पाहुणा’ छापतं. मी छापू दिलं. सोनेरी फीत अर्थातच नाही.

शनिवारी सोन्याच्या बॅचचं जेवण असतं. जुने वार्षिकांक एका टेबलावर मांडलेले, प्रत्येकाने उठून पन्नास वर्षांचं आयुष्य तीन मिनिटांत सांगायचं, आणि मग प्रेसिडेंट एकेकाचं नाव घेऊन गळ्यात पदक घालतात. मी कॉफीपाशी उभी होते. मागच्या टेबलावर चार म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत मोठमोठ्याने हसत होते. तिघांच्या छातीवर सोनेरी फिती. चौथ्याचा बिल्ला उलटा होता. दोरीला पीळ पडून होतो तसा नाही. नीट उलटा करून शर्टाच्या खिशाखाली दडपलेला.

त्याची बायको कप भरायला आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, यंदा पेरणी लवकर आटपली वाटतं. ती म्हणाली, ‘कसली आटपतेय! काल रात्री अकरापर्यंत ट्रॅक्टरचे दिवे लावून पेरत होता. म्हणाला, शनिवार मला मोकळा पाहिजे.’

मी वार्षिकांकांच्या टेबलाशी गेले. १९६६चा काढला. कॉयरच्या फोटोत दुसऱ्या रांगेत तो उभा होता, कान पुढे आलेले, टाय वाकडा. खाली नाव छापलेलं, अगदी शुद्ध. १९६७च्या अंकातही होता. मग नाही. त्याच्या खोलीतला जुना सोबती तिथेच पानं उलटत होता, त्याने सांगितलं. वडील कोठारावरून पडले, कंबर मोडली, कापणी तोंडावर आलेली. सदुसष्टच्या मे महिन्यात हा घरी गेला तो गेलाच. त्या काळी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला सैन्यभरतीतून सूट मिळायची. कॉलेज सुटलं की सूटही सुटायची. ‘पुढच्या वर्षी तो व्हिएतनामात होता,’ सोबती म्हणाला, ‘आणि आम्ही इथे, या इमारतीत, परीक्षेला बसलो होतो.’

मी ऑफिसात पळत जाऊन कोरा बिल्ला आणला, मार्करने साल घातलं, सोनेरी फीत चिकटवली आणि त्याच्यासमोर धरला. त्याने तो हातात घेऊन बघितला आणि शांतपणे मला परत दिला. म्हणाला, ‘राहू द्या, मॅम. जो आहे तो बरोबर आहे. मी पास झालो नाही.’ त्या स्वरात राग असता तर बरं झालं असतं. तो माझीच समजूत घालत होता.

सोमवारच्या बैठकीत मी विषय काढला. आमच्या मुख्य बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पदक पदवीचं आहे, पदवी नसताना दिलं तर ज्यांनी ती मिळवली त्यांना काय वाटेल? मला रजिस्ट्रार आणि त्यांचा ३.४९४चा मुलगा आठवला. उत्तर सुचेना. तेव्हा आमचे चॅपलन, जे एरवी बैठकीत पेंगतात, डोळे न उघडता म्हणाले, ‘अलुम्नुस या लॅटिन शब्दाचा अर्थ काय, ठाऊक आहे? पोसलेलं लेकरू. खाऊ घातलेलं. त्यात पदवी कुठे येते?’

माझ्या डोक्यात त्या क्षणी आईचा फोन वाजला. माहेरपण. माहेरी आलेल्या मुलीला दारात कुणी विचारतं का, की तू इथे किती वर्षं राहिलीस आणि जाताना काय मिळवून गेलीस? आणि म्हणून कुणी घरातल्या दहावीत पहिल्या आलेल्या पोरीचं कौतुक कमी करतं, असंही नाही. मानाच्या यादीला रेघ हवी. घरच्या यादीला ती असून चालत नाही. दोन्ही याद्या खऱ्या होत्या. मी मात्र सोयीसाठी एकाच रकान्यावर दोन्ही चालवत होते.

ठरलं ते असं. पदक पदवीधरांनाच. पण बिल्ला, फीत आणि जेवणाच्या टेबलावरची जागा ज्या मुलांबरोबर आलात त्यांच्या सालाची. त्यासाठी यादीत नवा रकाना पाहिजे आणि तो भरायचा कुणी? जुन्या नोंदीत प्रवेशाची तारीख बहुतेकांची नव्हतीच. कामाचं ओझं बघून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग २०२०चा मार्च आला. त्या वर्षी होमकमिंग झालंच नाही. संगणकाच्या पडद्यावर प्रेसिडेंट बोलले, कॉयरची मुलं आपापल्या घरून चौकोनाचौकोनांत गायली, आणि मैदानावर गवत वाढलं. मी ऑफिसातून वार्षिकांकांची खोकी गाडीत घालून घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. एकेक फोटो, एकेक नाव. पहिल्या वर्षाच्या पानावर आहे, चौथ्याच्या नाही, अशी नावं शोधायची. एक सत्र राहिलेली. लग्न ठरलं म्हणून गेलेल्या मुली. फी संपली म्हणून गेलेले. पान उलटलं की माणूस नाहीसा. नवरा जेवायचं ताट हातात घेऊन सोफ्यावर बसायचा आणि विचारायचा, ‘आज किती सापडले?’ जसं काही मी हरवलेली माणसं शोधणाऱ्या खात्यात आहे.

मीही नगरला एम. कॉम.चं एक वर्ष करून लग्नाला उभी राहिले आणि पुढे गेले नाही, हे मला त्या टेबलावरच आठवलं. कुणी विचारलंच, तर मी आजवर फक्त बी. कॉम.चंच साल सांगत आले आहे.

२०२१च्या ऑक्टोबरात लोक पुन्हा आले. तोंडावर मास्क, हस्तांदोलनाऐवजी कोपर. सोन्याची बॅच म्हणून दोन बॅचेस एकत्र होत्या, कारण आदल्या वर्षीची राहिली होती. एकोणसत्तरवाल्यांना त्या वर्षी खास आमंत्रण नव्हतं. शनिवारी सकाळी नोंदणीच्या टेबलावर मी बिल्ल्यांचं खोकं पुढ्यात घेऊन बसले होते. मान वर केली तर तो आणि त्याची बायको. टोपी हातात, बुटांना माती. पेरणी अर्धी झाली होती म्हणे.

मी बिल्ला काढून दिला. त्याने चष्मा वर सरकवला, लांब धरून वाचला. नाव, त्याखाली १९६९. मग बराच वेळ काही बोलला नाही. रांग मागे वाढत होती.

‘मॅम,’ तो म्हणाला, ‘मी जानेवारीत आलो होतो. सहासष्टच्या जानेवारीत. नियमाने पाहिलं तर मी एकोणसत्तरचाही नाही आणि सत्तरचाही नाही.’

माझ्या पोटात धस्स झालं. दीड वर्ष खपून केलेल्या रकान्यात जानेवारीत येणाऱ्यांचा विचार मी केलाच नव्हता. मी कोरा पुठ्ठा आणि मार्कर पुढे ओढला. म्हटलं, ‘तुम्ही सांगा. कुठलं घालू?’

त्याने मागे वळून पाहिलं. झाडाखाली त्याचा खोलीतला जुना सोबती मास्क हनुवटीवर ओढून दालचिनीचा रोल खात होता.

‘मी आलो त्या रात्री बर्फ पडत होता,’ तो म्हणाला. ‘माझी ट्रंक त्याने तिसऱ्या मजल्यावर चढवली. आणि तो एकोणसत्तरचा.’ मग बिल्ला गळ्यात घालत, अक्षरांची बाजू वर आहे ना ते हाताने चाचपून बघत, म्हणाला, ‘असू द्या हेच.’